आधी कडेचे आकडे बघ

बाथरूमच्या दोरीला चिमटा लावून टांगलेला, नुकताच घरी धुतलेला फिल्मचा रोल वरपासून खालपर्यंत बघितला आणि पोटात गोळा आला. फ्रेम ३६ च्या ३६ होत्या, पण पाकिटात राहून पुसट झालेल्या एटीएमच्या पावतीसारख्या. ट्यूबलाइटसमोर धरलं तर आरपार ट्यूबलाइटच दिसत होती. मधे कुठेतरी माणसं असावीत, एवढी नुसती शंका.

गड्ड्याच्या यात्रेचा रोल होता तो. सोलापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. संक्रांतीच्या सुमाराला आमच्याकडे सिद्धेश्वराची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, आणि ते पेलणारे, मागेपुढे चालणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत. भर उन्हात रस्ताभर पांढरंच पांढरं. हे पांढरं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वर्षातून एकदा मिळणारा रोल आणि तो असा गेला.

मी दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. फोटो हे रविवारचं काम. कॅमेरा मामांचा: ऑलिंपस ओएम-१, १९७० च्या दशकातला, आखातातून परतलेल्या कुणाकडून त्यांनी घेतलेला. मामांचा बार्शीत स्टुडिओ होता. डिजिटल आलं तसं दुकानात आधी झेरॉक्सचं मशीन आलं आणि मग झेरॉक्सच राहिलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरा, धुण्याचा टँक, चेंजिंग बॅग (अंधारात फिल्म चढवायची काळी पिशवी) आणि एक काचेचा थर्मामीटर एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "बघ, जमलं तर." पहिले चार-पाच रोल झकास निघाले. मग मी हवेत.

रोल खराब निघाला की प्रत्येकाचा एक लाडका संशयित असतो. माझा होता डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं औषध. कारण सोपं आहे. कॅमेरा मामांचा, तो चुकणार नाही. फिल्म कंपनीची, ती चुकणार नाही. मधे उरलं काय, तर मी आणि माझी बाटली. मी डी-७६ वापरते. हे औषध १९२७ पासून चालत आलंय आणि लोक अजून वापरतात, पण विरघळवून ठेवलेलं द्रावण हवा लागली की मरतं हे खरं. माझी बाटली अर्धी झाली होती, म्हणजे वर अर्धी हवा. मी ठरवूनच टाकलं की बाटली मेली.

मामा स्टुडिओत हे घरीच कालवायचे. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ आणि बोरॅक्स २. बोरॅक्स म्हणजे सोनाराकडचा टाकणखार. तराजूही सोनाराचाच. मेटॉल सल्फाइटच्या पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून आधी मेटॉल, तेही चिमूटभर सल्फाइट घालून, आणि मग बाकीचं. मी पाकीट फोडून कालवते, माझ्यात तेवढा दम नाही.

तर बाटली मेली असं धरून मी नवं पाकीट आणलं, शिवाय वेळही वाढवला. एचपी ५ प्लस ही माझी नेहमीची फिल्म. डी-७६ एकास एक पाणी घालून, २० अंशाला ११ मिनिटं. दुसरा रोल, सिद्धेश्वर तलावावरच्या संध्याकाळचा, मी १४ मिनिटं ठेवला. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, उजेड काळा आणि सावली पारदर्शक. ते जरा भरलेलं दिसलं. वाटलं, सापडलं! तिसरा रोल भाचीच्या मुलीच्या बारशाचा. तो १६ मिनिटं. या वेळी ट्यूबलाइट, खिडकी आणि पांढरे शर्ट निगेटिव्हवर डांबर ओतल्यासारखे काळे, आणि जावेची गर्द जांभळी पैठणी जिथे होती तिथे स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक. घडी नाही, पदर नाही, काठ नाही. प्रिंट काढला असता तर चेहरे खडूचे आणि खाली एक काळं भगदाड.

इथे खरं तर मला कळायला हवं होतं. निगेटिव्हवर जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथल्या चांदीच्या क्षाराला डेव्हलपर काय करणार? अर्धा तास ठेवा नाहीतर रात्रभर. आणि जिथे भरपूर पोचलाय तिथे मिनिटागणिक थर चढत जातो. म्हणजे वेळ वाढवून मी उजेड फुगवत होते. सावल्या होत्या तशाच उपाशी. गर्द रंगाच्या कपड्यात, केसांत, झाडाखाली काही तपशील आहे की नाही हे शटर दाबतानाच ठरलेलं असतं. पण डोक्यात एकदा बाटली बसली की बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मार्चमध्ये मामा एका लग्नासाठी सोलापुरात आले. जेवणं झाल्यावर मी तिन्ही रोल समोर ठेवले आणि तक्रारींचा पाढा सुरू केला: औषध, पाणी, उन्हाळा. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी ट्यूबलाइटकडे धरली आणि बघितली, पण फोटोंकडे नाही. पट्टीच्या कडेकडे.

"अगं, आधी कडेचे आकडे बघ. चित्र नंतर."

फिल्मच्या दोन्ही कडांना, भोकांच्या बाजूला, फ्रेमचे नंबर आणि फिल्मचं नाव असतं. मी ते नंबर निगेटिव्ह कापताना बघायचे, बस. मामा म्हणाले, "हे कॅमेऱ्याने काढलेलं नाही. कारखान्यातच उजेडाने छापून येतं. तुझ्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण उमटतं मात्र तुझ्याच औषधात."

आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं, कारण हेच तर मी रोज सकाळी करते. लॅबमध्ये पहिल्या पेशंटचं रक्त मशीनमध्ये घालायच्या आधी आम्ही कंट्रोल लावतो. कंट्रोल म्हणजे बाटलीतलं सीरम, ज्याची साखर किती, क्रिएटिनिन किती हे आधीच माहीत असतं. कंट्रोल बरोबर आला आणि पेशंटचा आकडा विचित्र आला, तर गडबड पेशंटमध्ये किंवा नमुन्यात. कंट्रोलच चुकला तर गडबड मशीनमध्ये किंवा रसायनात. वीस वर्षं हे करतेय. आणि प्रत्येक रोलच्या दोन्ही कडांना कंपनीने फुकट छापून दिलेला कंट्रोल मी बघितलाच नव्हता! मामांपुढे लाज वाटली.

यात्रेच्या रोलवरचे आकडे ठणठणीत काळे होते. मामांच्या पिशवीत माझ्याच पहिल्या, चांगल्या निघालेल्या एचपी ५ ची पट्टी होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. आकडे सारखेच. ही तुलना त्याच फिल्मशी करायची, कारण प्रत्येक फिल्मचे आकडे कमीजास्त गडद असतात. १६ मिनिटांच्या रोलवरचे तर जास्तच काळे, अक्षरांच्या कडा फुटल्यासारखे. म्हणजे डेव्हलपर पहिल्या दिवसापासून निर्दोष, आणि मी त्याला तीन महिने शिव्या घालत होते. आकडे काळे आणि चित्र पातळ याचा अर्थ एकच: कॅमेऱ्यातून प्रकाश कमी आला. आकडेही पुसट असते तर औषधात पाणी मुरलंय असं म्हणता आलं असतं: शिळं, थंड, जास्त पातळ, किंवा घड्याळ चुकलेलं.

मामा आणखी एक करतात. निगेटिव्हचा सगळ्यात काळा भाग वर्तमानपत्रावर ठेवतात. खालची अक्षरं जेमतेम वाचता आली तर डेव्हलपमेंट ठीक. यात्रेच्या रोलखाली राशिभविष्य मजेत वाचता येत होतं, बारशाच्या रोलमधल्या खिडकीखाली काहीच नाही.

मग कॅमेऱ्याची झडती. मला वाटलं शटर. मामांनी मान हलवली. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याचं शटर म्हातारं झालं की मंदावतं, १/१२५ म्हणून जे उघडतं ते जास्त वेळ उघडं राहतं. अपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या लहानमोठ्या होणाऱ्या भोकाच्या, पात्यांना तेल लागलं तर ती वेळेवर मिटत नाहीत. दोन्हीत प्रकाश जास्त येतो, निगेटिव्ह जाड, म्हणजे जास्त काळं, होतं. वय झाल्याची बहुतेक दुखणी जाडीकडे नेतात, आपलं दुखणं पातळपणाचं. फक्त १/१००० सारख्या वेगाला कापडी पडद्यांमधली फट नीट राहिली नाही तर फ्रेमची एक बाजू पातळ पडते, पण ते एका बाजूलाच दिसतं, अख्ख्या फ्रेमवर नाही. तरी मागचं झाकण उघडून, फिल्म नसताना, खिडकीकडे धरून एकेक वेग बघितला. एका सेकंदाला एक सेकंद, अर्ध्याला अर्धा, पुढचे कानाने. लेन्स काढून पाती हलवून बघितली. कोरडी, चपळ.

"राहिलं काय?" मामा म्हणाले. राहिला मीटर, कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा काटा.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता आम्ही गच्चीवर. मार्चचं सोलापुरी ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. अशा उन्हात मीटरची गरजच नसते. अपर्चर एफ १६ आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं, म्हणजे ती प्रकाशाला किती तेज आहे त्या आकड्याइतकं. फिल्म ४०० ची, तर १/४००. कॅमेऱ्यावर त्याच्या जवळचं १/५००. हा नियम पाठ असला की खिशात न मोडणारा मीटर असतो. आधी एएसएची, म्हणजे कॅमेऱ्याला फिल्मचा वेग सांगायची, चकती ४०० वरच आहे ना ते पाहिलं, मग कठड्याच्या करड्या सिमेंटवर कॅमेरा रोखला. १/५००, एफ १६ ला काटा वर, अधिकच्या खुणेला जाऊन चिकटला. १/१००० केलं तरी मध्याच्या वरच. म्हणजे हा बाबा सांगतोय की ऊन आहे त्यापेक्षा दीड-एक स्टॉप जास्त आहे, कमी कर. (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.) मी आज्ञाधारकपणे कमी करत होते.

तळाचं झाकण नाण्याने फिरवलं, सेल बाहेर काढला. डिसेंबरमध्ये ऑनलाइन मागवलेला, "६२५ ला चालणारा" असं वर्णन असलेला. ६२५ हा मूळ सेलचा नंबर. त्यावर बारीक अक्षरांत १.५ व्होल्ट. मामा खो खो हसायला लागले.

ओएम-१ सारखे त्या काळातले बरेच कॅमेरे पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले. त्या सेलचा दाब १.३५ व्होल्ट, आणि शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच राहणारा. म्हणून कॅमेऱ्यात दाब सांभाळणारं वेगळं काही घातलंच नव्हतं. काटा सरळ सेलवर अवलंबून. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. त्याच मापाचा अल्कलाइन सेल मिळतो, बसतो, काटाही हलतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण दाब जास्त, त्यामुळे काटा जास्त उडतो आणि माणूस एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला द्यायचा प्रकाश, कमी करत बसतो. त्यात अल्कलाइनचा दाब हळूहळू उतरत जातो. म्हणजे आजची चूक जानेवारीच्या चुकीएवढी नाही आणि मेमधली आणखी वेगळी. एएसएची चकती २०० वर ठेवून भागवायचा उपाय लोक सांगतात, पण चूकच जागेवर राहत नसेल तर वजावट कशाची करायची?

मग आठवलं की मामांनी कॅमेरा दिला तेव्हा त्यात एक चपटा, छोटासा सेल रबराच्या कड्यात बसवलेला होता. तो संपला म्हणून मी फेकला, आणि कड्यासकट फेकला. "तो कानाच्या यंत्राचा होता गं," मामा म्हणाले. ऐकू येण्याच्या यंत्रात ६७५ नंबरचा जस्त-हवा सेल असतो, निळ्या चिकटपट्टीचा. साधारण १.४ व्होल्ट, म्हणजे पाऱ्याच्या अगदी जवळ, आणि तोही बराच काळ एकसारखा. व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, मूळ सेल १६ चा, म्हणून भोवती कडं लागतं. नळाच्या दुकानातला वॉशर थोडा कापून बसवला. निळी पट्टी काढली की आत हवा शिरते, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग घालायचा. हवा एकदा शिरली की वापरा न वापरा, काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत संपणार. पट्टी परत चिकटवून फार फरक पडत नाही, मी करून बघितलं.

आमच्या घरी हे सेल कपाटात पडलेले असतात, कारण नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, यंत्राला तेच लागतात. एक उचलला. गच्चीवर परत. १/५००, एफ १६, काटा मधोमध.

आता यात्रेच्या पांढऱ्याचं. तिन्ही रोल एकाच सेलवर काढलेले, मग यात्रेचाच सगळ्यात वाईट का? याच फरकामुळे मी औषधावर घसरले होते. मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. तो समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. समोर नुसत्या पांढऱ्या बाराबंद्या असल्या तरी त्याला वाटतं ऊनच फार आहे. तो सांगतो कमी कर, आणि पांढरं करडं होतं. तिथे आपणहून स्टॉप-दीड स्टॉप जास्त द्यायचा असतो. किंवा जवळच्या कुणाच्या सावळ्या हातावर, नाहीतर त्याच उन्हातल्या डांबरी रस्त्यावर मीटर धरून अंदाज घ्यायचा. मी ते दिलं नाही. सेलचा दीड, पांढऱ्याचा दीड, मिळून तीन स्टॉप. ४०० ची फिल्म मी ३२०० सारखी वापरली आणि ४०० सारखी धुतली. राहणार काय तिच्यावर?

उलट चूक झाली असती तर एवढं बिघडलं नसतं, हेही सांगायला हवं. गेल्या वर्षी एएसए १०० वर राहिलं आणि ४०० चा अख्खा रोल दोन स्टॉप जास्त गेला. निगेटिव्ह जाडजूड निघालं, स्कॅनला वेळ लागला, पण माणसं होती, कपडे होते, झाडाखालची सायकलसुद्धा होती. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हला जास्त सोसतं, कमी सोसत नाही. शंका आली तर एक स्टॉप उघडा.

औषधाला मी क्लीन चिट दिली म्हणून पाण्याला देत नाही. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत साठतं आणि एप्रिल-मेमध्ये ३५ अंशांच्या खाली क्वचित मिळतं. तुम्ही २० अंशाचा तक्ता घेऊन बसलात तर रोल उकडून निघेल. मी बादलीत गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवते, डेव्हलपर, फिक्सर (न उमटलेले चांदीचे क्षार धुऊन नेणारं औषध), धुण्याचं पाणी सगळं त्याच बादलीत उभं करते आणि २४ अंशांवर समाधान मानते. २४ ला ११ मिनिटांची साधारण पावणेआठ होतात. त्याहून बरंच गरम गेलात तर वेळ पाच मिनिटांखाली येतो, आणि तेवढ्या थोड्या वेळात औषध सगळीकडे सारखं लागत नाही, आकाशात ढगांसारखे डाग येतात. म्हणूनच उन्हाळ्यात एकास एक पाणी घालून वापरायचं, नुसतं घट्ट औषध नको. मामा सांगतात की त्यांच्या तरुणपणी मेमध्ये फिल्मवरचं जिलेटीनच मऊ होऊन सुटायचं, म्हणून ते आम्लाच्या हायपोत, म्हणजे तेव्हाच्या फिक्सरमध्ये, पोटॅश अॅलम घालायचे. म्हणजे तुरटी. आताच्या फिल्म सोशीक आहेत. गंमत अशी की कलर रोलचा डेव्हलपर ३७.८ अंशांवर चालतो. सोलापूरच्या टाकीतलं मेमधलं दुपारचं पाणी त्यासाठी जवळपास तयारच असतं, फक्त तिथे पाव अंशाचीही सूट नसते.

धुण्यासाठी अर्धा तास नळ सोडायची चैन आमच्या गावात नाही. इल्फर्ड या फिल्म कंपनीची एक पद्धत आहे, साध्या रॅपिड फिक्सरनंतर चालते: टँक पाण्याने भरा, ५ वेळा उलटासुलटा करा, ओता. परत भरा, १० वेळा. परत भरा, २० वेळा. तीन टँक पाण्यात काम. शेवटचं पाणी मात्र मी आरओचं घेते आणि त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकते, नाहीतर आमच्या क्षाराच्या पाण्याचे पांढरे थेंब फिल्मवर वाळून बसतात.

आता माझी सगळ्यात मोठी फजिती, जी मामांनाही अजून सांगितलेली नाही. दिवाळीचा रोल. टँक उघडला, रीळ काढलं, फिल्म काचेसारखी स्वच्छ. पहिला विचार: फिल्म अडकलीच नव्हती, सगळे फोटो हवेत काढले. तसंही होतं. म्हणून आता दोन-तीन फ्रेम ओढताना डावीकडची गुंडाळायची कळ मागे फिरतेय ना ते बघते. ती फिरली म्हणजे आत फिल्म खरंच सरकतेय. पण त्या चुकीत कडेचे आकडे तरी उमटतात. इथे आकडेच नव्हते. नाव नाही, नंबर नाही, काही नाही. कंट्रोलच गायब. तेव्हा मला हे वाचता येत नव्हतं, आता येतं: मी आधी फिक्सर ओतला होता. दोन सारख्या पांढऱ्या बाटल्या, रात्रीचे साडेअकरा, बाहेर फटाके. फिक्सरने चांदी धुऊन नेली, डेव्हलपरला उमटवायला काही उरलंच नाही. आणि ही चूक कुणी केली? दिवसभर दुसऱ्यांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवणाऱ्या बाईने. आता डेव्हलपरची बाटली तपकिरी, फिक्सरची पांढरी, आणि दोन्हींवर लॅबचे स्टिकर तारखेसकट.

त्या मानाने कमी फिक्स झालेला रोल म्हणजे सुटी. फिल्म दुधाळ, जांभळट दिसते आणि माणूस घाबरतो. परत ताज्या फिक्सरमध्ये टाका, दिवा चालू ठेवून टाकला तरी चालतं, आणि परत धुवा. गेलेलं काही नसतं. हे होऊ नये म्हणून प्रत्येक वेळी फिल्मच्या सुरुवातीच्या जिभेचा तुकडा कापून आधी फिक्सरमध्ये टाकते आणि घड्याळ लावते. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट फिक्सिंग. नव्या फिक्सरला ४५ सेकंद लागले होते. ज्या दिवशी दीड मिनिट लागलं त्या दिवशी तो बाद.

बारीकसारीक भानगडी पुष्कळ. फिल्मवर नखासारखी चंद्रकोर दिसली तर ती रिळावर चढवताना दुमडलेली असते. पावसाळ्यात प्लास्टिकचं रीळ जरा जरी दमट असलं की फिल्म निम्म्यात अडते. मग चेंजिंग बॅगमध्ये हाताला घाम, घामाने बॅग आणखी दमट, आणि तुम्ही अंधारात एकटेच देवाचं नाव घेताय. मी रीळ आदल्या दिवशी तांदळाच्या डब्यात ठेवते. गोल पारदर्शक ठिपके म्हणजे हवेचे बुडबुडे. औषध ओतल्यावर टँक ओट्यावर दोनदा आपटायचा. भोकांपासून आत येणारे गडद पट्टे दिसले तर हात आवरा, टँक म्हणजे कॉकटेल नव्हे. आणि एका कडेने आत शिरलेला काळा धूर असेल तर कॅमेऱ्याच्या मागच्या दारातला जुना फोम चिकट होऊन झडलाय.

एका गोष्टीवर मात्र माझा राग आहे. हल्ली मुलं रोल बाहेर धुवायला देतात, फोनवर स्कॅन येतात आणि निगेटिव्ह परत मागतच नाहीत. मग "ग्रेन खूप आला, फिल्म खराब होती का ताई?" असं विचारतात. ग्रेन म्हणजे चित्रातले खरखरीत दाणे. स्कॅनर पातळ निगेटिव्ह ओढून ताणून उजळ करतो. करडं, खरबरीत, धुक्यातलं चित्र येतं, आणि त्यात चूक कुणाची हे ओळखता येत नाही, कारण स्कॅनमध्ये कडा कापलेल्या असतात. साक्षीदारच हजर नाही. निगेटिव्ह मागून घ्या. तुमचं आहे ते.

नव्या सेलवरचा पहिला रोल परवा धुतला. ११ मिनिटांच्या हिशेबाने, २४ अंशांना पावणेआठ. सकाळचा भुईकोट किल्ला, तटाच्या सावलीत बसलेली पेरूवाली, तिच्या काळ्या लुगड्याच्या निऱ्या मोजता येतात. मी मोजल्या. मामांना फोटो पाठवला तो पेरूवालीचा नाही, कडेच्या आकड्यांचा. त्यांचं उत्तर आलं, "सेल कुणाचा ढापलास?"

संध्याकाळी नाना सेलचं पाकीट हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. सहाचं पाकीट, चार उरलेले. "एक मी लावला," ते म्हणाले, "दुसरा कुठे गेला गं?" मी म्हटलं, "नाना, कॅमेऱ्याला कमी दिसत होतं." त्यांना "कमी" एवढंच ऐकू आलं असावं. "कमी कसं? अजून चार आहेत की," असं म्हणून त्यांनी पाकीट उघडलं आणि त्यातला एक माझ्या हातावर ठेवला.